शाळा दोन, मुलं साठ : एका वाचन-प्रयोगाची मांडणी

खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत शिकवणाऱ्या एक टीचर मे महिन्याच्या शेवटी माझ्याकडे आल्या. आमच्या बेळगाव भागात मुलं बाईंना टीचरच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द ठेवतो. नोकरी सांभाळून त्यांची शिक्षणशास्त्रातली पीएच.डी. चालली होती. मी आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतरही अशी मंडळी फाइल घेऊन येतात. बहुतेकांचा प्रश्न शेवटच्या प्रकरणाचा असतो, म्हणजे आकडे हातात आहेत, आता कुठली कसोटी लावू? या टीचर सुरुवातीलाच आल्या, हे मला फार मोलाचं वाटलं. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

त्यांची पद्धत साधी होती. रोज भाषेच्या तासातली ३० मिनिटं जोडीवाचनाला द्यायची. दोन मुलांत एक पुस्तक. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं ओळीखाली बोट सरकवत न्यायचं, आणि परिच्छेद संपला की कामं बदलायची. बोट धरणारा गप्प बसत नाही. वाचणारा अडखळला की बोट त्या शब्दावर थांबतं आणि दोघं मिळून तो शब्द फोडतात. मी त्यांच्या वर्गात जाऊन हे पाहिलं. 'सुगंधित' या शब्दावर एका मुलाचं बोट इतका वेळ थांबलं, की वाचणारीनं शेवटी त्याचा हात बाजूला सारून स्वतःच अक्षरं जोडायला घेतली. पद्धतीत जीव आहे हे दिसत होतं. पण जीव आहे असं वाटणं वेगळं आणि ते दाखवून देणं वेगळं.

फाइलमधला आराखडा आपल्याकडच्या एम.एड. आणि पीएच.डी. प्रबंधांत असतो तसाच होता. त्यांच्या शाळेची चौथी म्हणजे प्रायोगिक गट, ३० मुलं. शेजारच्या गावच्या शाळेची चौथी म्हणजे उपक्रम न मिळणारा नियंत्रित गट, तीही ३० मुलं. पूर्वचाचणी, चार महिने उपक्रम, उत्तरचाचणी, मग टी मूल्य (दोन सरासऱ्यांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे तपासणारा आकडा), ०.०५ सार्थकता स्तर (म्हणजे उपयोग नसताना नुसत्या योगायोगानं 'फरक आहे' असं निघणं शंभरात पाचदाच चालवून घ्यायचं) आणि शून्य परिकल्पनेचा, म्हणजे 'फरक नाहीच' या गृहीतकाचा, त्याग. 'त्याग' हा शब्द आराखड्यात आधीच लिहून ठेवलेला होता.

मी त्यांना विचारलं, "टीचर, तुमच्या घरचं भाताचं शेत आहे ना? समजा एका वावरात नवं खत घातलं, शेजारच्यात नाही घातलं. सुगीला दोन्हींतल्या हजार-हजार लोंब्या मोजल्या. तर तुमच्याकडे पुरावा किती झाला?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "वावरं दोनच की सर."

सगळा मुद्दा इथेच आहे. लोंब्या कितीही मोजा, त्या एकाच मातीतल्या, एकाच पाण्यावरच्या आणि एकाच हाताखालच्या. रोनाल्ड फिशर १९१९ पासून इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेतकी संशोधन केंद्रात होते आणि प्रयोगांच्या आखणीचं शास्त्र त्यांनी बांधलं ते शेतातल्या अशाच अडचणींवर. खत ज्या तुकड्याला घालतो तो तुकडा मोजायचा, लोंबी नव्हे. शाळेतही तेच लागू आहे. उपक्रम आपण वर्गाला देतो, एकेका मुलाला नाही. तेव्हा टीचरांच्या आराखड्यात मुलं ६० असली तरी तुलना दोन वर्गांचीच होती, आणि त्यातल्या एका वर्गावर त्या स्वतः होत्या, मनापासून राबणाऱ्या. फरक आला तर तो जोडीवाचनाचा की या बाईंचा, हे कुठलंही टी मूल्य सांगू शकत नाही.

हे तत्त्व म्हणून पटतं, पण किंमत कळायला आकडा लागतो, म्हणून मी तो काढून दाखवला. एकाच वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात. गुणांमधल्या एकूण फरकातला किती वाटा शाळाशाळांतल्या फरकाचा, हे सांगणाऱ्या मापाला गटांतर्गत सहसंबंध म्हणतात. वाचनाच्या चाचण्यांत तो ०.१ ते ०.३ निघणं नवलाचं नाही, म्हणून मी ०.२ धरला. एका वर्गात ३० मुलं असतील तर दोन वर्गांच्या सरासरीतल्या फरकाचं खरं विचरण, म्हणजे पसाऱ्याचं माप, मुलं एकमेकांपासून स्वतंत्र असती तर आलं असतं त्याच्या १ + २९ × ०.२, म्हणजे ६.८ पट होतं. प्रमाण त्रुटी, म्हणजे त्या फरकाच्या अंदाजातली अपेक्षित चूक, नेहमीचं टी सूत्र सांगतं त्याच्या अडीच पटीहून जास्त. याचा अर्थ असा, की जोडीवाचनाचा काडीइतकाही उपयोग नसता, तरी असे १०० प्रयोग केल्यावर त्यातल्या निदान ४४ प्रयोगांत '०.०५ स्तरावर सार्थक फरक' निघाला असता. आपण ५ समजून चालतो, निघतात ४४. आपल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत दोन शाळांवर उभे असलेले जे प्रबंध आहेत, त्यांचा विचार मनात आला की मला वाईट वाटतं. मुलांचा, शिक्षकांचा इतका वेळ त्यात गेलेला असतो.

टीचर खचल्या नाहीत. "किती शाळा लागतील?" असं सरळ विचारलं. ओळखीपाळखीनं, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयाच्या परवानगीनं आणि सीआरपींच्या (शाळांच्या समूहावर नेमलेल्या साधन व्यक्तींच्या) मदतीनं त्यांना जास्तीत जास्त १६ शाळा मिळणार होत्या, खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतल्या. एका इयत्तेत सरासरी १५ मुलं. आमच्या मराठी शाळांचा पट आता एवढाच उरला आहे.

आठ शाळा इकडे, आठ तिकडे असा हिशेब मांडला. ८० टक्के खात्रीनं पकडता येईल असा लहानात लहान फरक निघाला ०.७६ प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप). चौथीतल्या मुलांच्या वाचनवेगाचं प्रमाण विचलन मिनिटाला २५ शब्द आहे असं समजलं, तर हा फरक १९ शब्दांचा होतो. एवढी झेप चार-सहा महिन्यांत एखादाच उपक्रम घेतो. मग पूर्वचाचणीचा आधार घेतला. शाळाशाळांतला ६० टक्के आणि मुलामुलांतला ५० टक्के फरक पूर्वचाचणीच सांगून टाकते असं धरलं, तर ०.७६ चा ०.४९ होतो. बराच खाली आला, तरी पुरेसा नाही. तुलनेसाठी मुंबई आणि वडोदऱ्यातल्या बालसखी प्रयोगाचे आकडे पाहा. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी तो २००७ साली प्रसिद्ध केला. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक तरुणी रोज दोन तास वेगळं बसवून शिकवायची. तिथे पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाचा फायदा दिसला. रोज दोन तासांनी एवढं होत असेल, तर आपल्या अर्ध्या तासासाठी ०.४९ ची चाळण ठेवणं म्हणजे मोठ्या भोकांच्या चाळणीनं पीठ चाळणं.

वाट मिळाली तीही त्याच प्रयोगात. वडोदऱ्यात निम्म्या शाळांत बालसखी तिसरीला दिली होती, निम्म्या शाळांत चौथीला. कुठलीच शाळा रिकाम्या हातानं राहिली नाही. या शाळेची तिसरी त्या शाळेच्या तिसरीशी ताडायची आणि चौथी चौथीशी. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून चाललेल्या वर्गसंख्येच्या मोठ्या प्रयोगात प्रत्येक शाळेच्या आतच मुलं आणि शिक्षक चिठ्ठीनं लहान-मोठ्या वर्गांत वाटले होते. ते आपल्याला शक्य नाही, कारण आमच्या शाळांत एका इयत्तेची एकच तुकडी असते, तीही पुरती नसते. तिसरी-चौथीची वाटणी मात्र शक्य होती.

एक शंका होती. दोनशिक्षकी शाळेत तिसरीची हवा चौथीला लागणार नाही का? इथे कर्नाटकातली नली-कली, म्हणजे लहान इयत्तांना एकत्र बसवून कृतींतून शिकवण्याची पद्धत, कामाला आली. पहिली ते तिसरी नली-कलीच्या एका खोलीत बसते आणि चौथी-पाचवी दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या शिक्षकाकडे. खोलीही वेगळी, शिक्षकही वेगळा. ज्या शाळेत एकच शिक्षक सगळ्या इयत्ता सांभाळतो, तशा शाळा आम्ही घेतल्याच नाहीत.

या मांडणीचा मोठा लाभ हिशेबात दिसतो. शाळा मुळातच चांगली असेल तर तिची तिसरीही पुढे असते आणि चौथीही. एकाच शाळेतल्या दोन इयत्तांची वजाबाकी केली की शाळेचा सामाईक चांगुलपणा किंवा कमीपणा गळून पडतो. पूर्वचाचणीनंतर उरलेल्या शाळांच्या फरकातला निम्मा असा सामाईक आणि निम्मा त्या त्या खोलीचा आहे असं धरलं, तर पकडता येणारा फरक ०.४९ वरून ०.२८ च्या आसपास येतो. मिनिटाला ७ शब्द. शाळा त्याच १६, खर्च फक्त तिसरीच्या चाचणीचा वाढला. टीचरांनी तो आकडा दोनदा स्वतः करून पाहिला. मला ते आवडलं.

०.२८ हा आकडा तरीही मोठाच आहे. खरा परिणाम ०.१५ असेल तर हा प्रयोग बहुधा तो हुकवेल. म्हणून टीचरांनी आराखड्यात आधीच लिहून ठेवलं, की फरक सार्थक निघाला नाही तर 'जोडीवाचन निरुपयोगी' असा निष्कर्ष काढायचा नाही. अंदाज आणि त्याची खालची-वरची मर्यादा तेवढी द्यायची. मुख्य मापही एकच ठरवलं, एका मिनिटात बरोबर वाचलेले शब्द. सगळ्या कसोट्यांची यादी सुरुवातीलाच लिहून, तारीख घालून मार्गदर्शकांकडे बंद पाकिटात दिली.

मग चार-चार शाळांचे चार गट पाडले. पहिला जांबोटी-कणकुंबीच्या बाजूचा, जंगलातला, पावसाचा. दुसरा खानापूर, नंदगड, गर्लगुंजीच्या आसपासचा. तिसरा उचगाव-बेळगुंदीकडचा, रताळ्याच्या पट्ट्यातला. चौथा बेळगाव शहराला खेटलेल्या गावांचा, जिथे घरात मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू असं काहीही असू शकतं. प्रत्येक गटात दोन शाळांना तिसरी आणि दोन शाळांना चौथी. जोड्या न लावता चार-चार का घेतल्या? जोडीतली एक शाळा गळाली की जोडीच बाद होते. चौघांत एक गेली तरी तिघं उरतात. आणि चार शाळांतून दोन निवडण्याच्या ६ रीती, चार गटांच्या मिळून ६ × ६ × ६ × ६, म्हणजे १२९६ वाटण्या होतात. शेवटी प्रत्यक्ष निघालेला फरक या १२९६ वाटण्यांतून निघू शकणाऱ्या फरकांत कुठे बसतो हे पाहिलं, की कुठल्याही तक्त्याशिवाय सार्थकता काढता येते. प्रत्यक्ष जी चिठ्ठी टाकली तिच्यावरच हा हिशेब उभा असतो, म्हणून मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो.

पूर्वचाचणी जूनच्या अखेरीस संपवली आणि त्यानंतरच चिठ्ठ्या टाकल्या. हा क्रम मोडायचा नाही. कुठल्या वर्गाला उपक्रम मिळणार हे आधी कळलं, तर चाचणीच्या दिवशी कोण हजर आणि कोण गैरहजर हेही बदलतं.

चिठ्ठ्यांचा दिवस शनिवार, सकाळची शाळा सुटल्यावरचा. सोळा शाळांचे मुख्याध्यापक किंवा त्यांनी पाठवलेलं कोणीतरी एका वर्गात जमलं होतं. स्टीलच्या डब्यात एका वेळी चार चिठ्ठ्या, दोनांवर 'तिसरी' आणि दोनांवर 'चौथी'. त्या शाळेत अक्षर दासोहाचा, म्हणजे दुपारच्या शालेय जेवणाचा, स्वयंपाक करणाऱ्या मावशींची पहिलीतली मुलगी चिठ्ठ्या काढायला उभी केली होती. पहिली चिठ्ठी निघण्याआधीच एक ज्येष्ठ गुरुजी उठले. म्हणाले, "टीचर, आमची चौथी लई कच्ची हाय. चिठ्ठी कशाला टाकताय, आमाला चौथीच द्या की. पोरांचं भलं हुईल."

त्यांच्या बोलण्यात स्वार्थ नव्हता. म्हणूनच तो क्षण अवघड होता. टीचरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांना लॅनर्कशायरची हकीकत सांगितली. १९३० साली स्कॉटलंडमधल्या त्या परगण्यात ६७ शाळांतल्या २०,००० मुलांवर दुधाचा प्रयोग झाला. १०,००० मुलांना चार महिने रोज पाऊण पाइंट दूध दिलं, १०,००० मुलांना दिलं नाही. वाटणी चिठ्ठीनं किंवा आडनावाच्या अक्षरांवरून होती, पण एखाद्या गटात धडधाकट किंवा रोडकी मुलं जास्त वाटली तर शिक्षकांना बदल करण्याची मुभा होती. शिक्षकांचा जीव कळवळला आणि बरीच रोडकी मुलं दुधाच्या गटात गेली. परिणाम असा, की दूध न मिळालेली मुलं प्रयोगाच्या सुरुवातीलाच वजनानं आणि उंचीनं सरस होती. त्यात वजनं कपड्यांसकट घेतली, फेब्रुवारीत आणि मग जूनमध्ये. श्रीमंताच्या मुलानं जाड लोकर उतरवली, गरिबाच्या मुलाकडे उतरवायला काही नव्हतं. डब्लिनच्या गिनेस कंपनीत काम करणारे आणि 'स्टुडंट' या टोपणनावानं लिहिणारे विल्यम गॉसेट यांनी १९३१ साली हे सगळं उघड केलं. आपण ज्याला टी कसोटी म्हणतो तिचे कर्ते तेच. एवढ्या मुलांपेक्षा एकरूप जुळ्यांच्या ५० जोड्या नीट घेतल्या असत्या तर जास्त कळलं असतं, असा त्यांचा निष्कर्ष होता.

गुरुजी बसले. मुलीनं डब्यात हात घातला आणि पहिल्याच गटात त्यांच्या शाळेला 'तिसरी' आली. त्यांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि खिशात ठेवली. चौथीला पुढच्या वर्षी जोडीवाचन मिळेल, असं टीचरांनी त्यांना आणि इतरांनाही लेखी दिलं.

चाचणीबाबत एका गोष्टीवर आमचे दोन दिवस गेले, आणि ती गोष्ट आपल्याच मातीतली आहे. उताऱ्यात 'तो शाळेला जात आहे' असं छापलेलं असतं आणि मूल सपाट्यानं वाचतं, 'तो शाळेला जाऊलाय.' हे चूक धरायचं का? मुलानं अक्षरं ओळखली, अर्थ पकडला आणि घरच्या बोलीत सांगितला. अडाण्याला हे जमत नाही. पण शब्दशः वाचनाच्या मापात ही चूकच. दोन तपासनिसांनी दोन तऱ्हा धरल्या तर माप कोसळतं. शेवटी असं ठरलं, की वेगाच्या मोजणीत बोलीतलं रूप बरोबर धरायचं, पण त्यावर तपासनिसानं वेगळी खूण करायची, म्हणजे दोन्ही प्रकारे हिशेब करून पाहता येईल. उजळणीसाठी एकाच मुलाचं ध्वनिमुद्रण दोघा तपासनिसांना स्वतंत्रपणे ऐकवलं. खुणा जुळेपर्यंत कोणालाही शाळेत पाठवलं नाही. तपासनीस म्हणून दुसऱ्या तालुक्यातले डी.एड. चे विद्यार्थी घेतले. कुठल्या शाळेत कुठला वर्ग हे त्यांना सांगितलेलं नाही. उतारे दोन केले. प्रत्येक वर्गातल्या निम्म्या मुलांना आधी पहिला उतारा आणि उत्तरचाचणीला दुसरा, निम्म्यांना उलट. दोन उतारे सारखेच अवघड आहेत असं मानून चालणं धोक्याचं असतं.

एका गावच्या एसडीएमसीच्या (शाळेच्या पालक-समितीच्या) बैठकीत एका आईनं विचारलं, "मराठी वाचायला एवढा वेळ दिला तर कन्नड मागं पडणार नाही ना?" सीमाभागात हा प्रश्न पोटातून येतो. पुढे पोराला दाखला, नोकरी, बस, बँक सगळीकडे कन्नड लागतं. टीचरांनी तिला आश्वासन न देता कन्नड वाचनाची छोटी चाचणी दुय्यम माप म्हणून घातली. मला वाटतं, या प्रबंधातला सर्वांत उपयोगी तक्ता कदाचित तोच ठरेल.

पुढचं थोडक्यात. जुलैत पावसाच्या सुट्ट्यांनी जंगलाकडच्या चार शाळांचे बरेच दिवस गेले. प्रत्येक वर्गात प्रत्यक्ष किती दिवस जोडीवाचन झालं याची वही ठेवली, पण कमी दिवस झाले म्हणून शाळा वगळायची नाही. ज्याला चिठ्ठीनं दिलं तो वर्ग शेवटपर्यंत प्रायोगिकच. काही आईबाप कामाला गोव्याला जातात आणि मूल टीसी घेऊन जातं. अशा मुलांची इयत्तावार यादी आहे, कारण एका बाजूची कच्ची मुलं जास्त गळाली तर सरासरी फुकट वाढते. दोन शाळांत नवरा-बायको शिक्षक आहेत, तो एका शाळेत चौथीवर आणि ती दुसऱ्या शाळेत चौथीवर, आणि फक्त त्याच्या चौथीला उपक्रम आहे. जेवताना गोष्टी निघणारच. ती शक्यता टीचरांनी लिहून ठेवली आहे आणि बायकोची शाळा धरून व वगळून असे दोन्ही हिशेब करायचे ठरले आहेत. एका शाळेतल्या प्रायोगिक वर्गाच्या शिक्षकांची बदली झाली. नव्या शिक्षकांना टीचर एका दुपारी जाऊन पद्धत दाखवून आल्या, त्यापेक्षा जास्त काही केलं नाही. बदल्या आपल्या शाळांत होतातच, आणि बदली झाल्यावर मोडून पडणारी पद्धत आपल्याला नकोच आहे.

उत्तरचाचणी जानेवारीत आहे. १६ शाळा दोन आठवड्यांत करायच्या. सोय म्हणून जवळच्या शाळा आधी आणि जंगलातल्या शेवटी घ्याव्यात असं टीचरांच्या मनात होतं, कारण बसच्या वेळा तशा आहेत. पण दोन आठवडे जास्त शिकलेलं मूल दोन आठवडे पुढे असतं. म्हणून शाळांचा क्रमही प्रत्येक गटात चिठ्ठीनं लावला, आणि एका शाळेची तिसरी व चौथी दोन्ही एकाच दिवशी तपासायच्या असं ठरलं. कणकुंबीकडची एक शाळा पहिल्याच दिवशी आली आहे. तपासनीस आदल्या संध्याकाळी मुक्कामाला जातील. टीचरांनी त्यांची जेवणाची सोय गावातल्या एका पालकाकडे केली आहे.